तिनं खरं काय म्हटलं होतं

बाबा,

काल मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला खोटं वाटेल. तिचा एकही सिनेमा आम्ही बापलेकीनं सोडला नाही, असं तुम्ही सलूनमध्ये छाती फुगवून सांगायचे. पण बघायचे तुम्ही. मी टीव्हीकडे पाठ करून, तुमच्या गुडघ्यांसमोर पाटावर बसलेली असायची. माझे ओठ दिसावेत म्हणून तुम्ही बल्बची वायर ओढून खुंटीवर आणली होती. टीव्हीतली माणसं वळत, भरभर बोलत, त्यांचे ओठ तुम्हाला पुरते सापडत नसत. म्हणून मागे ती बोलायची आणि पुढे मी तेच शब्द, आवाज न काढता, ओठ मोठे करून तुमच्यासाठी म्हणायची. तुमची नजर तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. ती कशी दिसते, कोणतं लुगडं नेसली आहे, हे मला काहीच ठाऊक नसायचं. तुमचे डोळे भरले की मला कळायचं, तिचा चेहरा आता मोठा झाला असेल.

मी दोन वर्षांची असताना तुम्हाला ताप आला आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. त्याच्या आधीचे तिचे सिनेमे तुम्ही तुमसरला जाऊन, तिकीट काढून पाहिले होते, कानांनी ऐकले होते. एकदा मी विचारलं होतं, आता ऐकू येत नाही तर कायले पाहता? तुम्ही म्हणाले होते, "तिचा आवाज मले पाठ आहे. शब्द तेवढे तू सांग." मी आठ वर्षांची असताना आई काविळीनं गेली. मग घरात तुम्ही, मी आणि शनिवारी संध्याकाळी ती. नाकाडोंगरीच्या तलावावरून सकाळी मासे काढायचे, चिखल्याच्या खाणकामगारांच्या वसाहतीत नेऊन विकायचे, आणि आठवडाभर त्या शनिवारची वाट बघायची.

रविवारी सकाळी सलून. तिथं तुमची खरी मैफल. तुम्ही खुर्चीत, सलूनवाले काका मागे, आणि ते आरशात बघून बोलायचे, म्हणजे त्यांचे ओठ तुम्हाला वाचता येत. बाकावर दोन-तीन जण नंबर लावून बसलेले, पण वाद तुमच्या दोघांचाच. काका म्हणत, "रडाचं काम कोणीबी करते गा. तिनं थो मास्तरणीचा पार्ट केला, त्यात हासली कशी? हासणं कठीण असते." तुम्ही मान हलवायचे. "हासणं न् रडणं सोड. ते पाठमोरी चालत गेली तरी समजते, नाराज आहे का खुशीत आहे. दुसरी कोणती करते असं, सांग." काका हसून पुन्हा कैची चालवायचे. बहिऱ्या माणसाची त्या गावात एकच जागा होती जिथे लोक त्याला मत विचारत, आणि ती ही होती. हे मला आज समजतं. तेव्हा मी दाराशी उभी राहून फक्त कंटाळायची.

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी आत्या तुमच्यासाठी स्थळ घेऊन आली. स्थळ अनोळखी नव्हतं. चिखल्याच्या बाजारात तुमच्या शेजारी सुके झिंगे विकायला बसणारी ती विधवा मावशी. ती मला आवडायची. शाळेला सुट्टी असली की मी बाजारात यायची आणि ती गिऱ्हाईक नसताना माझी वेणी घालून द्यायची, केस ओढायची नाही. तुमच्याशी बोलताना ती ओरडायची नाही, समोर येऊन सावकाश बोलायची. पण आत्यानं मला जवळ घेऊन म्हटलं, "हेच तुही नवी माय होईल," आणि त्या दिवसापासून मी तिच्यापुढे केस सोडले नाहीत.

त्याच आठवड्यात शनिवारी तो सिनेमा लागला. ती एका कारकुनाची बायको झाली होती, आजारी, एक लहान मुलगी. शेवटी ती खाटेवर पडलेली असते, नवरा उशाशी बसलेला असतो. माझ्या पाठीमागे तिचा आवाज आला, थकलेला: माझ्यामागे घर रिकामं ठेवू नका. पोरीसाठी तरी कुणाला आणा.

मी ओठ मोठे केले आणि तुम्हाला सांगितलं, पोरीसाठी तरी कुणाला आणू नका.

तुम्ही माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ. मला वाटलं तुम्हाला नीट दिसलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं. आणू नका. तुम्ही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये काकांनी तुमच्या अर्ध्या गालावरून वस्तरा फिरवला आणि आरशात हसून म्हणाले, "आता तूबी आणून टाक गा. तुह्या हिरोइनीनंच सांगतलं."

"कायले आणू? ते तं आणू नका म्हणे."

काकांचा हात थांबला. "अगा, उलटं आहे. आणा म्हणे ते. आख्ख्या गावानं आइकलं."

बाकावरचे हसले. एक जण म्हणाला, "बहिऱ्यानं आइकलं न् आमाले सांगून राहिला!" तो काकांच्या आड होता, त्याचे ओठ तुम्हाला दिसले नसतील, पण हसणारी तोंडं आरशात दिसलीच. तुम्ही आरशातूनच मला विचारलं, "काय म्हणे व ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आणू नका म्हणे."

"माही पोरगी म्हणते, तं तेच म्हणे," तुम्ही म्हणाले. गळ्यातलं फडकं काढलं, राहिलेला साबण त्यानंच पुसला आणि उठले. काका दारापर्यंत आले, "अगा, दाढी तं पुरी करू दे," म्हणत तुमचा खांदा धरत होते. तुम्ही थांबले नाहीत. भर रविवारी, अर्धी दाढी घेऊन, माझा हात धरून गावातून घरी आले. मी वर बघितलं नाही. मला भीती होती की तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं नाही. घरी येऊन भात टाकला.

पुन्हा तुम्ही त्या सलूनमध्ये गेले नाहीत. सिनेमे लागत राहिले, मी ओठ हलवत राहिले. संपल्यावर तुम्ही मलाच विचारायचे, "दारातून वापस फिरली तवाची चाल पाह्यली तिची?" मी हो म्हणायची. मी पाठ करून बसलेली असायची, हे तुम्ही विसरायचे, की बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून विचारायचे, कोण जाणे. मला काकांसारखा वाद घालता यायचा नाही. हळूहळू तुम्ही विचारणंही सोडलं.

आत्याला तुम्ही नाही म्हणून कळवलं. मावशी आणखी काही महिने बाजारात दिसली, दुसऱ्या कोपऱ्यात. मग पवनीकडे भावाच्या गावी निघून गेली. मी शिकले. मला पवनीजवळच्या आसगावला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, संसार तिकडेच. तुम्हाला किती वेळा म्हटलं, इकडे राहायला या. तुम्ही म्हणायचे, इथला तलाव मले ओळखते, तिथं मी कोणाशी बोलू. जणू इथे कोणी बोलायला होतं.

तुम्ही दुपारी गेले. शेजारीण ताक द्यायला आली तेव्हा खाटेवर होते, ताट शेजारी झाकलेलं. किती वेळ झाला होता कोणाला सांगता आलं नाही. हाक मारली असेल तर कोणी ऐकली नाही.

दहाव्याला मावशी आली. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं. सगळे जेवायला बसले तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुह्या बापाले मी एकदा तोंडावर विचारलं होतं पोरी. काहून नाही म्हणता? माह्यात काही कमी आहे का? तं म्हणे, नाही, तुमच्यात काही कमी नाही. घरी विचारलं, घरून नाही आलं."

मी पाण्याचा गडू तिच्याकडे सरकवला.

"तुले विचारलं होतं का त्याईनं?"

"नाही," मी म्हटलं. "बाबाचंच मन नव्हतं."

तिनं मान हलवली. म्हणाली, "तसंच असन." जेवण न करताच निघाली. मी तिला थांबवलं नाही.

आणि काल, इतक्या वर्षांनी, तो सिनेमा माझ्या मुलीच्या मोबाइलवर सापडला. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात एकटीच बसून पाहिला. ती सुंदर नाही, बाबा. मला वाटलं होतं फार सुंदर असेल. नाक थोडं बसकं आहे. पण तुम्ही म्हणायचे ते खरं आहे. पाठमोरी असली तरी समजतं. शेवटचा प्रसंग आला तेव्हा माझ्या मनात काय आलं देव जाणे, मी आवाज बंद केला. तुम्ही बघितलं तसं बघितलं. तिचा चेहरा पडदाभर आहे, अगदी समोरून, आणि ती किती सावकाश बोलते. कुणाला आणा. तोंड उघडतं, मिटतं, आणि मग ती काहीच बोलत नाही. नुसती नवऱ्याकडे बघत राहते. "नका"ला तिथे जागाच नाही. लहान पोरालाही कळेल. आणि तुम्ही तर आरशातले उलटे ओठ वाचणारे.

तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. सलूनमध्ये जाण्याच्या आधीच, मी दुसऱ्यांदा ओठ हलवले त्याच्याही आधी. तिनं काय म्हटलं ते तुम्ही वाचलं, मी काय म्हटलं ते वाचलं, आणि दोघींमधून मला निवडलं. चार माणसांच्या हसण्यासमोरही तेच धरून बसले. मी इतकी वर्षं समजत होते की मी तुम्हाला फसवलं. फसवलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही मला एकदा तरी रागवायला हवं होतं, बाबा. एक थापड मारून विचारायला हवं होतं, खरं काय म्हणे ते? मी सांगितलं असतं. रडून सांगितलं असतं. मी अकरा वर्षांची होते, दोन महिन्यांत मला पुन्हा ती मावशी आवडली असती.

हे लिहून कुठे पाठवायचं नाहीच. एकदा वाटलं, निदान मावशीला तरी वाचून दाखवावं. ती अजून आहे. पवनीच्या आठवडी बाजारात भाच्याच्या दुकानापाशी बसलेली दिसते. तिच्यात काही कमी नव्हतं, एवढं एक वाक्य मी जाऊन सांगू शकते. मागच्या बाजाराच्या दिवशीही ती दिसली होती. मी भाजी न घेताच दुसऱ्या गल्लीनं परत आले.