पाणलाव्याचं बेट

१४ फेब्रु.
तलावाच्या उथळ अंगाले, लव्हाळ्यातल्या बेटावर घरटं. पाय पडता पडता वाचला. चार अंडी, पिवळट, काळे डाग. शाळेतल्या सरांले फोन केला, ते पाखरांचे येडे. गाडी काढून आलेच. "रंगीत पाणलावा! बाकीचे पाणलावे हिवाळ्यात येऊन जातात, हा इथलाच. देशभर हाये, पण दिसते कोणाले?" मादी नटवी, अन् अंडी नर उबवते म्हणे. बायको हासली, "शिका काई त्याच्यापासून."

१६
सर म्हणे, भोवती पाणी हाये तोवर कुत्रं जात नाई. पिल्लं निघेपर्यंत तलावावर पाणी उपसाचं इंजिन लावू नका. नाई लावत म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

२३
वांग्यानं माना टाकल्या. सांबार पिवळा, असली कोथिंबीर कोण घेते? बोर आटली. बायको कातावली, "बाजारात काय पाखरू घेऊन बसू मी?"

२४
लावलं इंजिन. थोडा वेळच, म्हणून.

२६
कालही लावलं, आजही. बेटाभोवतीचा चिखल उघडा पडला. नर बसूनच. बंद कराले हात गेला होता, पण वांग्याची शेवटची ओळ राह्यली होती. राहू द्यायची होती रे.

२८
चिखलात कुत्र्याचे पाय. घरटं रिकामं. टरफलं नाईत. पिल्लं वाळली की लगेच बापामागं चालू लागतात, असं सर म्हणत. तसंच झालं असन. नसनही.

संध्याकाळी सरांचा फोन. "निघाली का पिल्लं?"
"निघाली. चारही."
कायचा माणूस हाये मी! थोबाडात मारून घ्यावी वाटली.

३ मार्च
सर रविवारी शाळेतली पोरं घेऊन येऊन राह्यले, पिल्लं दाखवाले. सकाळपासून लव्हाळा धुंडला. नर नाई, पिल्लू नाई. फोन करून खरं सांगावं... नंबर लावला, वाजायच्या आत कापला.

घरटं रिकामं दिसलं त्या दिवसापासून इंजिन बंद. वांगी सुकत चालली. बायको बांधावर आली.
"अवो, पिल्लं निघाली ना? तुमीच तं सरांले सांगितलं. मंग आता पाणी कोणासाठी राखून राह्यले?"

इंजिनाचं हँडल माह्या हातात देऊन गेली. मी अजून इथंच बसून हाये.