डाव्या पायाचं काम

भाईंदर पूर्व,
४ ऑगस्ट २०२४

ती. ताईस, गुणवंतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. माझा ऑर्गन उत्तनच्या चर्चला देऊन टाकतोय. पडल्यापासून डावा पाय उचलत नाही. जॅझमध्ये ऑर्गनवाल्याचा डावा पायच पेडलं दाबून खालचा सूर चालवतो. हॉटेलात आयुष्यभर त्याच पायावर पोट भरलं. आता नुसत्या हातांनी वाजवलं की बिनफोडणीची आमटी.

तू विचारायचीस, नाट्यसंगीताच्या घरात हे खूळ कुठून? अगं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लहान चर्चना पाइपचा मोठा ऑर्गन परवडेना, म्हणून विजेचा आला. रविवारी प्रार्थनेत रडवणारे सूर शनिवारी बारमध्ये नाचवू लागले. आपले बाबाही नाटक कंपनीत गाणाऱ्याच्या मागे ऑर्गनवर सूर धरून बसायचेच की. आपल्यामागे कोणीतरी आहे, असं वाटायला लावतं हे वाद्य. माझी नीलम गेल्यापासून मला तेवढंच होतं.

यतीन कॅनडाहून म्हणतो, द्या बाबा, जागा मोकळी होईल. मोकळ्या जागेचं मी काय करू?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
गुणवंत

सांगली,
१४ ऑगस्ट २०२४

चि. गुणवंतास, अ. उ. आ.

पत्र वाचून रागच आला. चर्चवाल्यांना थांबायला सांग. गणपती झाले की मी येते. माझे कान गेले, पाय ठणठणीत आहेत. तुझ्या डावीकडे मी बसेन. कुठलं पेडल कधी दाबायचं ते खडूने लिहून ठेव, आणि चुकले तर बाबांसारखा डोळे वटारू नकोस. चहा मात्र तू करायचा.

मलाही इथे दिवस दिवस भिंतींशीच बोलावं लागतं. तुला कधी कळवलं नाही इतकंच.

लोभ आहे म्हणूनच रागावते.

तुझी,
मृणालिनीताई

भाईंदर पूर्व,
९ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि ही दीड खोली फार मोठी झाली. चर्चवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. पहिल्या दिवशी तू इतकी चुकलीस, की नीलम गेल्यानंतर मी प्रथमच पोट धरून हसलो.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. निघायच्या दिवशी गाणं संपलं, मी हात उचलले. तुझं सगळं लक्ष पायांकडे. तुला कळलंच नाही, तू खालचा सूर चालवतच राहिलीस. मी तुला थांबवलं नाही. तू दमून आपणहून थांबेपर्यंत शेजारी बसून ऐकत राहिलो.

पुढच्या खेपेला जास्त दिवस काढून ये. तोवर पत्रातून लोभ पाठवत जा.

तुझा,
गुणवंत