पातेल्याचे कान

३ मार्च, मंगळवार

नात डोंगरात चाललीय. सहा दिवस, पाठीवर बिऱ्हाड! बरोबर न्यायचं पातेलं निवडायला उद्या मला दुकानात नेणार म्हणे. ही वही तीच लिहिते, मी नुसती बोलते. मला अक्षरओळख नाही. पण भांडं हातात घेतलं की ते किती टिकेल, सांगते.

४ मार्च

दुकानदार गोडबोल्या. टायटॅनियमचं पातेलं माझ्या तळहातावर ठेवलं — पिसासारखं हलकं. नात खूश. विचारलं, यात शिजतं कसं? तेव्हा कबूल झाला, की एकाच जागी तापतं, खाली लागतं, पाणी उकळायला बरं. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, पण मुठीला रबर. म्हटलं, लाकडाच्या जाळावर याचं काय होईल? तर म्हणे, आजी, हल्ली छोटा गॅस नेतात. म्हटलं, आणि गॅस संपला की तुला हाक मारायची का?

शेवटी स्टीलचं घेतलं. कान ओढून बघितले, उलटं करून बघितलं. आरपार खिळे ठोकून बसवलेले, रिव्हेट मारलेले. नात कुरकुरली, जड आहे म्हणून. असू दे.

५ मार्च

नातीने विचारलं, कानांचाच एवढा ध्यास का? म्हटलं, आजोबांना विचार. मग म्हटलं, नको विचारूस.

७ मार्च

लिही. पण घरात कुणाला वाचून दाखवू नकोस.

हे मोजणी खात्यात होते. चार-चार महिने रानात. एकदा निघायच्या आदल्या दिवशी पातेल्याचा कान निखळला. माझ्या माहेरचं पातेलं, आरशासारखं! तांबट म्हणाला, "वहिनी, कथलाचा डाख उघड्या जाळावर सुटतो. रिव्हेट मारू द्या." रिव्हेटचे ठिपके दिसतील म्हणून मी नको म्हटलं. डाखच लावून आणला, कथील वितळवून कान नुसता चिकटवलेला. दिसायला काय सुरेख झालं होतं!

तिसऱ्या आठवड्यात पातेलं चुलीवरून उतरवताना कान सुटून यांच्या हातात आला. उकळतं पाणी उजव्या हातावर. बोटं आखडली ती आखडलीच. मोजणी सुटली, उरलेली नोकरी टपालाच्या टेबलावर काढली. आणि मी? आल्यागेल्याला हसत सांगायची — यांना साधं पातेलं उतरवता येत नाही! हेही हसायचे. पंचेचाळीस वर्षं हसले.

नातीचं पेन थांबलंय. म्हटलं, झालं का लिहून?

८ मार्च

नात म्हणते, आता तरी सांग त्यांना. म्हटलं, उद्या.

९ मार्च

उद्या.

१० मार्च

नात उद्या सकाळी निघते. पातेलं तिच्या पाठपिशवीला बांधताना मी पुन्हा कान ओढून बघितले. आजोबांच्या हाताचं लिहिलंय त्या पानाचा कोपरा तेवढा दुमडून ठेवलाय, मला सापडावं म्हणून. चोंबडी!

११ मार्च

आज लिहायला हे बसलेत, डाव्या हाताने. म्हटलं, आधी ते दुमडलेलं पान वाचा. वाचलं. पुन्हा वाचलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "डाख मला पहिल्याच मुक्कामावर दिसला होता. जाळावर टिकणार नाही हे कळत होतं, सामानात रिव्हेटही होते. तुझं माहेरचं पातेलं — ठिपके पाडायला मन होईना."

म्हटलं, हेही लिहा.