आत्याचं गप्प बसणं

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार झाला असं समज. खरंच आडवा पडलो तर आज उठायचो नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? माझं डोकं ठणकतंय, आणि निमित्त तूच आहेस.

मी लिहिलेला सिनेमा एका कंपनीनं घेतला हे तुला कळवलं होतंच. त्यातली बाई म्हणजे तू. आतोबा गेल्याचा फोन आला तेव्हा तू मटार सोलत होतीस, आणि परात संपेपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. तेवढ्या प्रसंगासाठी मी अख्खा सिनेमा लिहिला. आता म्हणतात, थेटरात बसायचे दिवस गेले. तो मोबाइलवर येणार, उभा, मिनिटामिनिटाचे तुकडे करून. (उभा म्हणजे त्यात एक तर तू मावतेस, नाही तर मटार.) तिथल्या साहेबांकडे, ज्यांना आम्ही पाठीमागे मिनिटराव म्हणतो, एक मशीन आहे. प्रेक्षक कुठे कंटाळून पळणार ते आधीच सांगतं. त्यानं नेमकं तुझ्यावर बोट ठेवलं. बाई गप्प आहे, लोक पळतील.

मिनिटरावांनी मला समजावलं, की लोक हल्ली भांडी घासता घासता सिनेमा बघतात, म्हणजे बघत नाहीतच, तेव्हा काय चाललंय ते पात्रांनी बोलून दाखवावं. म्हटलं, मग रेडिओ काढा ना. तर त्यांनी अगदी मायेनं तुझ्यासाठी वाक्य सुचवलं: "अरेरे, माझे पती वारले आणि मी मटार सोलते आहे." आत्या, मी ग्लास आपटला. (प्लास्टिकचा निघाला. तिथे धड चिडायचीही सोय नाही.) म्हणालो, "माझी आत्या बोलणार नाही."

"मग नवऱ्याऐवजी तिलाच मारू," ते म्हणाले. "प्रश्नच मिटला."

पुष्कळ भांडून एवढंच पदरात पडलं: शुक्रवारी तो तुकडा तसाच, मुका, लोकांना दाखवणार. पुरेशा मोबाइलवर शेवटपर्यंत चालला तर तू गप्प राहशील, नाही तर ते वाक्य म्हणशील. एक मिनिट गप्प बसलेली बाई ज्यांना सोसवत नाही, त्यांच्यासाठी मी यापुढे एक ओळ लिहिणार नाही. खड्ड्यात गेला तो सिनेमा.

तुझा,
धुमसणारा भाचा

ता. क. शुक्रवारी तो तुकडा लाव. तुझ्या मोबाइलवर, ताईच्या, शेजारणीच्या, जिन्यात जो भेटेल त्याच्या.

आणखी ता. क. ताई म्हणाली, तूही मोबाइल डब्याला टेकवून कामं करत असतेस, आणि सिनेमात कुणी गप्प झालं की तो पुढे पळवतेस. त्यावर भेटल्यावर भांडू. या वेळी नाही बघितलंस तरी चालेल. फक्त बंद करू नकोस.