साळवणला न थांबणारी मेट्रो

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. अक्कास आदिनाथचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं-हं करतो ही तुझी तक्रार, म्हणून हे घे पत्र. मायला वाचून दाखव. आपली जालन्याची पॅसेंजर आता मेट्रो होणार! रूळ तेच, पण डबे निळे, नाव नवं आणि दारावर स्टेशनांचा नकाशा. तो नकाशा आमच्या ऑफिसात मी काढतोय. तुझी भावजय अर्पिता चिडवते, आता ह्यांचा साळवणला पुतळा उभारा म्हणून. मायचं डायलिसिस कसं चाललंय?

लोभ आहे तसाच राहू दे.
आदू

साळवण, २० फेब्रुवारी

चि. आदिनाथ यास अ. उ. आ.

मेट्रो आदूनं केली, असं मायनं साऱ्या गावाला सांगून ठेवलंय. दर मंगळवारी-शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही डायलिसिससाठी जालन्याला जाऊन राह्यलो. डब्यातल्या बाया तिला आडवं व्हायला अख्खं बाकडं सोडतात. जीपचे धक्के तिला बिलकुल सोसत न्हाईत, अर्ध्या वाटेत ओकाऱ्या सुरू. ही गाडी हाय म्हणून माय हाय, बाबा.

तुझे दाजी परतूरला गेल्ते. तिथं तुझा नकाशा लावलाय. दोनदा बोट फिरवलं, पण आपलं साळवण हॉल्ट सापडलं न्हाई म्हणले. माय म्हणती, जागा पुरली नसंल, लेकरू मंग घालील. खरं काय ते जल्दी लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का, दैवशाला

पुणे, ३ मार्च

ती. अक्कास सा. न.

अगं, नकाशा वेगळा आणि थांबा वेगळा. कागदावर सगळी गावं मावतात का? गाडी साळवणला थांबेल, मी सांगतो ना! मायला म्हणावं, निर्धास्त राहा. दाजींना तेवढा चष्मा बदलायला सांग.

घाईत लिहिलंय, राग नसावा.
आदू

साळवण, ९ एप्रिल

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

काल मेट्रोची पहिली खेप होती. माय नवं लुगडं नेसली, नारळ घेतला, माझ्या हाती ओवाळायचं ताट दिलं. गाडी आली, शिट्टी दिली आणि निघून गेली. ताटातलं कुंकू माझ्या सगळ्या अंगावर उडालं. माय म्हणाली, डायवर नवा हाय, त्याला ठावं नसंल. जीप सांगते म्हणलं तर ऐकंना. थांबंल असं आदूनं लिहिलंय, हाच हेका. दुपारपर्यंत तिथंच बसली. कालचं डायलिसिस बुडालं, पाय टम्म सुजलेत. शुक्रवारी आता उचलूनच जीपनं न्यावं लागंल.

आदू, तू बराबर चौकशी केल्ती का रे? मला तुझा राग येऊन राह्यला.

तरी आशीर्वाद हायेतच.
अक्का

पुणे, १५ एप्रिल

अक्का,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू? चौकशी कसली, मला सगळं माहीत होतं. साहेबांनी स्टेशनवार तिकीटविक्रीची यादी पुढ्यात ठेवली. साळवणला तिकिटं शून्य. आपले लोक मासिक पास जालन्याच्या खिडकीवर काढतात, म्हणून शून्य. त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं, तू तिकडचाच ना, तिथं कोणी चढतं का? मी म्हणालो, कोणी नाही. एक ठिपका गेला की रेघ सुबक दिसत होती, अक्का. आणि मायचं नाव काढलं असतं तर म्हणाले असते, आला घरचं रडगाणं घेऊन. आता पाया पडलो, तर थांबे ठरून गेले म्हणतात.

हे मायला वाचून दाखव. मला तोंडानं सांगवत नाही.

लोभ मागायचा हक्क नाही.
आदू

साळवण, २३ एप्रिल

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुला चांगलं बडवावं असं वाटलं. दाजी तर जेवले न्हाईत. तेवढ्यात मायनं हाक मारली, आदूनं काय लिहिलंय ते वाच म्हणाली. कागद हातात धरला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. चूक झाल्ती, पुढच्या मंगळवारपासून गाडी साळवणला थांबणार, असं वाचलं मी. काय करू रे? लेकानंच गाडी काढून घेतली हे कसं सांगू? किती दिवसांनी माय हसली. दोन घास जास्ती जेवली.

आता परवा शुक्रवारी जीपनं न्यायचं तर न्हाई म्हणती. मंगळवारी आदूची गाडी हाय, मंग धक्के कशाला खाऊ, म्हणती. डॉक्टरांनी बजावलंय, एकबी खेप चुकवू नका. फोन तिच्या उशाशी असतो, तिच्यासमोर बोलता येत न्हाई, म्हणून हे स्पीड पोस्टानं टाकून राह्यले.

तू ये. मंगळवारच्या आत ये आणि तिला खरं काय ते तूच सांग. माझ्यानं न्हाई होणार. परतूरला उतर, तिथून जीप मिळंल. आपल्याकडं गाडी थांबत न्हाई.

तुझीच,
अक्का