पेठच्या निकालाची दुरुस्ती

१४ जून २००४

आईने आज परत विचारलं — "पेपरात आहे म्हणतेस, मग पेपर कुठाय?" दोन वर्षं झाली सांगून सांगून. इंटरनेटवर असतो गं, आई! "मग मी शेजारच्या विमलाबाईंना दाखवू काय?" दाखवायला इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सायबर कॅफे आहे, पण तिथल्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नाही. बातमीच्या जागी नुसते चौकोन. एकदा नेलं होतं आईला. म्हणाली, छान आहे, पण लिहिलंय काय?

ऑफिसात मीटिंग. मीटिंग म्हणजे आमचे मालक-संपादक किशोर सर, मी आणि सुनील. सुनील वेबसाइटची तांत्रिक बाजू सांभाळतो, म्हणजे लाइट गेली की यूपीएसला लाथ मारतो. परवा दहावीचा निकाल. बोर्डाची साइट मान टाकणार हे नक्की, म्हणून आपण निकालाची सीडी आणून फोनवर निकाल सांगायचा! "गावोगाव नाव होईल आपलं." नियम एकच — नावगाव विचारत बसायचं नाही. नंबर घ्या, पास की नापास सांगा, ठेवा.

मी म्हटलं, नाव तरी पडताळू ना, सर. "सरिता, हा छापील पेपर नाही. इथे स्पीड!"

१६ जून

कान गेला! दिवसभर फोन, फोन, फोन. एका आजोबांनी नातवाचा निकाल ऐकून पेढे कुठले चांगले तेही मलाच विचारलं. एका पोरीने आनंदाच्या भरात फोनवर माझी पापी घेतली. लाइट दोनदा गेली. सर मधूनमधून येऊन आमचंच पान उघडत होते आणि वाढलेला काउंटर बघून खूश होत होते. अहो, तो तुम्हीच वाढवताय!

एक फोन मात्र डोक्यातून जात नाही. पेठहून, एसटीडी बूथवरून. मागे गाड्यांचा कालवा. "बहिरू भोये बोलतोय. आमची योगिनी. पास हाय का नाय, तेवढं सांगा." नंबर टाकला. नापास. सांगितलं. मग म्हणाला, "बरं. मंग राहिलं." वाईट वाटलं. पण दुसरी लाइन केकाटत होती.

१७ जून

आज सरांना यशोगाथा पाहिजे. "पेठ-सुरगाण्याकडची एखादी हुशार मुलगी काढ. अमेरिकेतले लोक असलं आवडीने वाचतात." म्हणून पेठच्या शाळेची यादी उघडली. तिसरंच नाव — योगिनी बहिरू भोये. पास. फर्स्ट क्लास!

कालचा कागद शोधला. नंबर बरोबर लिहिला होता, टाइप करताना शेवटचे दोन आकडे उलटे पडले. ज्याला नापास वाचलं तो कोणी गोटीराम होता. बापाने पोरीचं नाव आपणहून सांगितलं होतं आणि माझ्यासमोर स्क्रीनवर गोटीराम! बघितलंच नाही. स्पीड!

तिकडे त्या पोरीचं काय झालं असेल? "मंग राहिलं" म्हणजे शाळाच राहिली ना? बसवली असेल कुठल्या तरी द्राक्षबागेच्या गाडीत, मजुरीला.

१८ जून

सरांशी भांडण. दुरुस्ती टाकू या म्हटलं, तर म्हणे, "वेबसाइटवर दुरुस्ती नसते. चुकलं की खोडायचं आणि नवीन टाकायचं. कोणाला पत्ता लागत नाही." पण सर, फोनवर सांगितलेलं कसं खोडणार? "मग तर आपण ते म्हटलंच नाही!" या माणसापुढे काय डोकं आपटायचं?

दुरुस्ती मीच लिहिली आणि पहिल्या पानावर टाकली. जेवून आले तर गायब. परत टाकली. परत गायब. सुनील म्हणाला, "तुम्ही भांडा हो, पण पेज सेव्ह करून भांडा."

१९ जून

तडजोड. दुरुस्ती राहणार, पण राशिभविष्याच्या खाली. 'पेठ येथील कु. योगिनी बहिरू भोये ही दहावीला प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून, नजरचुकीने...' वगैरे. सर हसून म्हणाले, "पेठमध्ये कोणाकडे इंटरनेट आहे गं?" फार राग आला. कारण बरोबर होतं ते. ज्यांच्यासाठी लिहायचं ते वाचू शकत नाहीत आणि जे वाचतात त्यांना मिसळीचे फोटो पाहिजेत!

२२ जून

शाळेचा फोन लागत नाही. वारा सुटला की पेठची लाइन मरते म्हणे. पेठला जायला सरांकडे रजा मागितली. "उद्या घंटागाडीची स्टोरी कोण करणार?" मी. आणखी कोण!

२४ जून

आईला सगळं सांगितलं. तिने दोन वाक्यांत निकाल लावला — "मार्कशीट हातात पडली की कळेलच त्यांना. उगाच जीव जाळू नकोस." जरा बरं वाटलं. मग वाटलं, नापास झालेल्या पोरीची मार्कशीट आणायला कोण कशाला शाळेत जाईल?

२८ जून

घंटागाडीवर तीन प्रतिक्रिया आल्या. एक न्यू जर्सीहून. आमच्या काळी घंटागाडी नव्हती, असं त्यात लिहिलंय. धन्य!

५ जुलै

लागला एकदाचा फोन! शिपाई होते, चंदर म्हणून. योगिनी भोये शाळा सोडून गेली का हो? "नाय नाय, येती ना रोज. बहिरूच सांगत व्हता, पोरीला परत धावीला बसवली."

परत दहावीला! फर्स्ट क्लासची पोर! म्हणजे मार्कशीट कोणी बघितलीच नाही, आणि माझ्या दोन आकड्यांपायी तिचं अख्खं वर्ष मातीत. छे, बास झालं. उद्या पेठ. त्या बापासमोर उभी राहून सांगणार. सरांना विचारणार नाही, नोकरी गेली तर जाऊ दे.

६ जुलै

जाऊन आले. दहावीच्या वर्गात योगिनी नव्हतीच. तिच्या शिक्षिका लताबाई मला माडीवर घेऊन गेल्या — अकरावीच्या वर्गात! मार्कशीट बाईंच्या कपाटात, ॲडमिशनही बाईंनीच केलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर पोरीने माझा हातच धरला. "मॅडम, माझ्या बाला सांगू नका. पाव्हण्यांना धावी पास पोर पायजे व्हती. पास झाली का लगेच लगीन. तुमी नापास सांगितलं, ते मागं फिरले. बा म्हणला, बस अजून एक वरीस." तिथेच रडू आलं मला. नवरा मुलगा, बाई म्हणाल्या, एकलहऱ्याला थर्मल पॉवर स्टेशनात आहे, ऑफिसात कॉम्प्युटरवर. म्हणजे त्याच्याकडे इंटरनेट असणारच!

एसटीतून उतरून तशीच ऑफिसला गेले आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने काढली. काउंटर सांगतो, तेवढ्या दिवसांत चारशेच्या वर लोक त्या पानावर येऊन गेले. देवा, त्यातल्या एकानेही ती वाचलेली नसू दे!