येते म्हणावं

३ नोव्हेंबर, माले

पोचले एकदाची! पुण्यातल्या त्या खुराड्यातून सुटले आणि माडीवरची खोली मिळाली ती अशी, की खिडकी उघडली की कापणीला आलेली भाताची खाचरं आणि पलीकडे धरणाचं पाणी. आईला परभणीला फोटो पाठवला तर म्हणते, ज्ञानदा, तू कामाला गेलीस का सहलीला? आता बोला!

काम आहेच. स्वानंदच्या पॉडकास्टसाठी मी खून खटल्यांच्या कहाण्या लिहिते, आणि पुढचा भाग साधनाच्या खुनाचा. चार वर्षांपूर्वी तिचं प्रेत इथल्याच पाण्यात सापडलं होतं. स्वानंद म्हणत होता, बातम्या वाचून लिही की. पण गाव पाहिल्याशिवाय माझ्याच्यानं लिहवत नाही, काय करू?

घरमालकीण चंद्राबाई, माझ्या लगेच मावशी झाल्या. यजमान अर्धांगवायूनं आतल्या खोलीत पडून असतात. मुलगा शेखर शेती बघतो, हसतमुख आहे. आल्या आल्या मावशींनी इंद्रायणीचा भात आणि पिठलं वाढलं, वर तुपाची धार. काम काय करतेस विचारलं, तर कॉम्प्युटरवर असतं एवढंच सांगितलं. पहिल्याच जेवणात खून कशाला काढा.

संध्याकाळी दुकानात निघताना जाते मावशी म्हटलं, तर अशा खेकसल्या! जाते काय म्हणतीस पोरी, येते म्हणावं. जाते म्हणून कोण घरातनं निघतं व्हय? मग येते म्हणून निघाले. खरं तर बरं वाटलं.

रेंजची मात्र बोंब. घरात शून्य, ती येते थेट देवळाच्या वळणावर. म्हणून रोजनिशी फोनमध्ये लिहायची आणि फिरायला गेलं की आईला पाठवायची, असं ठरवलंय.

७ नोव्हेंबर

भाग निम्मा लिहून झाला. साधना चंद्रपूरकडची, मुलांच्या आहाराची पाहणी करायला एका संस्थेनं पाठवलेली. काम संपवून परत जायची त्याच दिवशी नाहीशी झाली. गळा आवळलेला होता. ओढणीच्या टोकाला पक्की गाठ आणि गाठीत पिवळे तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. झालं! पेपरांनी नरबळी नरबळी म्हणून रान उठवलं. गावात अंगारा देणारा शंभू होताच, त्याच्या झोपडीत हळद-तांदूळ सापडले. शिवाय गावातल्या एका तरुणानं, बातम्यांत नाव नाही त्याचं, साक्ष दिली, की ती झोपडीकडे जाताना दिसली होती. शंभूला जन्मठेप.

मी पण 'अघोरी गाठ' असंच नाव दिलंय भागाला. दुपारी मोठ्यानं वाचून बघत होते, आवाज घोगरा काढून, अगदी रंगात येऊन. मागे वळले तर मावशी चहा घेऊन दारात. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. चहावर साय धरलेली.

कप ठेवून खाली गेल्या. संध्याकाळी जेवायला हाकही आली नाही.

११ नोव्हेंबर

दुकानवाल्या सारजाबाईंना आज शंभूबद्दल विचारलंच. त्या फिसकन हसल्या. म्हणाल्या, त्यो कसला बळी देतुया, कोंबडं कापायला बी शेजाऱ्याला हाक मारायचा. मग साक्ष कुणी दिली, म्हटलं. तुमच्याच मालकिणीच्या शेखरनं की, म्हणाल्या. आणि साबण पिशवीत टाकता टाकता, अगदी सहज — ती पोरगी ऱ्हायाला बी तुमच्याच माडीवर हुती, तुमाला सांगितलं न्हाई व्हय?

नाही सांगितलं.

असं सांगितलं तर खोली कोण घेईल, म्हणून गप्प बसले असतील. असेलही. पण आता पलंगावर बसवत नाही. याच खिडकीतून तीही बघत असेल. आणि शेखर रोज सकाळी माझी स्कूटी पुसून ठेवतो, मी न सांगता. आधी कौतुक वाटायचं मेलं.

१३ नोव्हेंबर

मावशी ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. सरळ विचारलं. सूप थांबलं नाही. म्हणाल्या, लई गुणाची पोरगी. शेखरच्या मनात भरली हुती. ती न्हाई म्हणाली. त्याला न्हाई ऐकायची सवय न्हाई, मीच कधी लावली न्हाई —

सूप थांबलं. शेखर माझ्या मागे उभा होता. हसत होता.

मला विचारतो, तुमची गोष्ट कधी ऐकायला मिळणार? मी त्याला कधीच काही सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

स्कूटी सुरू होत नाही. प्लगच जागेवर नाही. काल चालू होती.

पायी देवळापर्यंत निघाले, तर शेखर ट्रॅक्टर घेऊन मागे. हळू. माझ्याच चालीनं. मी परत फिरले, तोही फिरला.

भीती वाटतेय. उगाच कशाला लपवू? फार भीती वाटतेय.

१५ नोव्हेंबर, सकाळ

आई आजारी आहे, आजच निघायचंय असं सांगितलं. मावशींनी रेंज नसताना निरोप कसा आला हे विचारलंसुद्धा नाही. शेखर गाडीनं पौडला एसटी स्टँडवर सोडेल म्हणाल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, मी बी येते की सोबत.

सुटले बाई! त्याची आई सोबत असताना काय करणार आहे तो.

१५ नोव्हेंबर, गाडीत

मागच्या सीटवर. एकटी. त्याला सांगितलंय आईला कळवतेय. लिहीत राहायचं. आधीचं सगळं स्वानंदला पाठवलंय, एकच टिक. वळणावर रेंज आली की जाईल —

बॅग घेऊन खाली आले तर पाट मांडलेला. मावशींनी बसवलं, कुंकू लावलं. लेकीबाळीनं रिकाम्या ओटीनं जाऊ न्हाई म्हणाल्या. मला भरून आलं. लग्न नाही झालं माझं म्हटलं, तर म्हणाल्या असू दे. पिवळे तांदूळ. हळकुंड. सुपारी. खोबऱ्याची वाटी. साडी नाही म्हणून ओढणीत घातलं आणि टोकाला गाठ —

तीच गाठ.

बाई गं, अघोरी कसलं, ओटी होती ती! साधनाची ओटी भरली होती हिनं. पोलीस, वकील, पेपरवाले, मी — सगळ्यांच्या घरात ओटी भरतात आणि एकालाही ओळखू आली नाही. शंभू बिचारा —

उठले तर शेखर दारात, माझी बॅग त्याच्या हातात. मावशी येतायत ना, म्हणून बसले गाडीत. त्या बसल्याच नाहीत. तोंडातून सवयीनं निघालं, येते मावशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दार लोटलं आणि म्हणाल्या, जा बाळा.

जा म्हणाल्या.

देऊळ दिसतंय. वळण — अजून एकच टिक — चल ना

देवळाच्या अलीकडेच वळवली. कच्चा रस्ता. पाणी दिसतंय

दार आतून उघडत नाही. गाठ सुटत नाही, दातानं पण

थांबली गाडी. स्वानंद, शंभूनं नाही केलं, शेखरनं — तो मागे वळून विचारतोय, एवढं कुणाला लि